बाहेरचा कान

मराठी भाषेने शरीराच्या ज्या अवयवांना वाक्प्रचारांत राबवून घेतले आहे, त्यांत कानाचा मान फार मोठा आहे. खोडकर मुलाचा कान पिळला जातो, हट्टी माणसाचे कान उपटले जातात, वाट चुकलेल्याची कानउघाडणी होते, आणि पुन्हा त्या वाटेला न जाण्याचा निश्चय झाला की कानाला खडा लावला जातो. या सर्व प्रयोगांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पिळला, उपटला किंवा खड्याने दाबला जातो तो बाहेरचा कान. म्हणजे डोक्याच्या दोन्ही बाजूंस चिकटलेला, सर्वांना दिसणारा आणि सर्वांच्या हाती लागणारा भाग. श्रवणाशी या भागाचा काही निकटचा संबंध असेल, असे त्याच्या धन्यालाही सहसा वाटत नाही. तो दागिने घालण्यासाठी, चष्म्याची काडी अडकवण्यासाठी आणि वडीलधाऱ्यांच्या हाताला सापडण्यासाठी निर्माण झाला असावा, अशाच थाटात त्याच्याशी व्यवहार होतो.

वस्तुतः बाहेरचा कान हे एक अत्यंत कुशलतेने घडलेले उपकरण आहे. त्याच्या प्रत्येक घडीला आणि वळणाला काही काम आहे. आणखी विशेष असे की, हे उपकरण आपली निगा बहुतांशी आपणच राखते. धन्याकडून त्याची अपेक्षा थोडी आहे. त्याच्या कामात ढवळाढवळ होऊ नये, एवढीच. ही अपेक्षा मात्र क्वचितच पूर्ण होते. बाहेरच्या कानाच्या कितीतरी दुखण्यांचे मूळ त्याला स्वच्छ करण्याच्या, शिस्त लावण्याच्या किंवा सजवण्याच्या मानवी उत्साहात सापडते.

शरीरशास्त्र कानाचे तीन भाग करते: बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि अंतर्कर्ण. यांपैकी बाह्यकर्णाचे पुन्हा दोन भाग पडतात. एक, बाहेर दिसणारे कानाचे पान आणि दुसरी, त्याच्या तळातून आत जाणारी नळी. ही नळी कानाच्या पडद्याशी, म्हणजे कर्णपटलाशी संपते आणि तेथेच बाह्यकर्णाची हद्दही संपते. कानाच्या पानाला जुन्या वैद्यकग्रंथांत कर्णशष्कुली असे नाव आहे. शष्कुली हे मुळात तेलात तळलेल्या एका पक्वान्नाचे नाव. पक्वान्नाच्या आकारावरून अवयवाला नाव देणाऱ्या त्या प्राचीन निरीक्षकाची दृष्टी रसिक होती, यात शंका नाही.

आरशासमोर उभे राहून कानावरून हलकेच बोट फिरवले, तर त्याचा नकाशा सहज ध्यानात येतो. सर्वांत बाहेरची दुमडलेली कड नळीच्या तोंडाच्या वरून निघते, कानाच्या माथ्यावरून वळसा घेते आणि मागच्या बाजूने खाली उतरत पाळीत मिसळते. याच कडेच्या वरच्या भागात महाराष्ट्रातील स्त्रिया बुगडी घालत आल्या, आणि पुरुषांची भिकबाळीही कानाच्या वरच्या भागातच शोभते. या कडेच्या आत, तिला जवळजवळ समांतर अशी दुसरी उंच वरंबी आहे. वर गेल्यावर तिला दोन फाटे फुटतात आणि त्या फाट्यांच्या मध्ये एक लहानसा त्रिकोणी खळगा तयार होतो. मधोमध आहे तो सर्वांत खोल भाग, एखाद्या द्रोणासारखा. याच्याच तळाशी नळीचे तोंड उघडते. त्या तोंडाच्या पुढे, गालाच्या बाजूने, एक छोटी कूर्चेची झडप आहे. मोठ्या आवाजाने दचकलेला माणूस बोटाने जी दाबून धरतो, ती हीच. पाश्चात्त्य शरीरशास्त्रात हिला 'ट्रेगस' म्हणतात. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ बोकड असा आहे. उतारवयात पुरुषांच्या या जागी जे केस उगवतात, ते कोणा शरीरशास्त्रज्ञाला बोकडाच्या दाढीसारखे दिसले असावेत.

सर्वांत खाली लोंबते ती पाळी. कानाच्या उरलेल्या सगळ्या पानात आत लवचीक कूर्चेचा एक सलग पत्रा असतो. पाळीत मात्र तो नाही. तिथे केवळ त्वचा, चरबी आणि तंतुमय ऊतक आहे. म्हणूनच कान टोचण्यासाठी परंपरेने हीच जागा निवडली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कान टोचण्याला आणि फाटलेली पाळी जोडण्याला एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. बालकाचे कान सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचावेत आणि पाळी उन्हाकडे धरून, जिथून प्रकाश आरपार दिसतो अशी पातळ जागा पाहून सुई घालावी, असे तो अध्याय सांगतो. भलत्या जागी शीर दुखावली गेली तर कोणती लक्षणे उद्भवतात, याचीही नोंद तिथे आहे. इतकेच नव्हे, तर जड आभूषणांनी तुटून गेलेली पाळी गालावरची जिवंत त्वचा वळवून नव्याने कशी घडवावी, हेही त्यात वर्णिलेले आहे. शरीराच्या एका भागाची त्वचा तिचा रक्तपुरवठा न तोडता शेजारच्या भागावर बसवण्याची ही युक्ती पुढे सुघटनशल्याची एक मुख्य युक्ती ठरली. सोनारानेच कान टोचावे ही म्हण जाणत्याच्या हाताचे महत्त्व सांगते. सुश्रुताचा हा अध्याय त्या म्हणीमागचे शास्त्र सांगतो.

पाळी आणि वरचा कान यांच्यात हा भेद का, ते कूर्चेच्या स्वभावातून समजते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्या दोन्ही अंगांना चिकटलेले एक पातळ आवरण असते, त्यातूनच तिला पोषण मिळते. हे आवरण आणि कूर्चा यांची ताटातूट झाली की कूर्चा उपाशी पडते. याचा पुरावा पाहायचा असेल तर कोल्हापूरच्या एखाद्या तालमीत जावे. जुन्या पहिलवानांचे कान गाठाळलेले आणि आकसलेले असतात. आतल्या घड्या जवळजवळ बुजून गेलेल्या दिसतात. कुस्तीत डोके घासले जाऊन, कान चेपला जाऊन आवरण सुटते आणि त्याच्या नि कूर्चेच्या मध्ये रक्त साचते. ते वेळीच काढले नाही तर खालची कूर्चा मरते, आणि साचलेल्या रक्ताच्या जागी टणक, वेडावाकडा तंतू व नवी कूर्चा भरून येते. आखाड्यात असा मोडलेला कान भूषण मानला जातो आणि त्या अभिमानाचा आदर करावयास हरकत नाही. परंतु कान सुजल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच डॉक्टरांकडून साचलेले रक्त काढून घेतले आणि वर दाबून पट्टी बांधली, तर कान वाचू शकतो, हे नव्या उमेदीच्या मल्लाला माहीत असलेले बरे. कानाच्या वरच्या कडेला टोचून घेणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावे. पाळीत झालेला जंतुसंसर्ग बहुधा बरा होऊन जातो. कूर्चेत शिरलेला जंतुसंसर्ग रक्तपुरवठ्याच्या अभावी हटता हटत नाही आणि कधी कधी कानाचा आकारच बिघडवून जातो.

आता या घड्यांच्या कामाकडे वळावे. गाय, घोडा, कुत्रा यांचे कान आवाजाच्या दिशेने वळतात. माणसाच्या कानाभोवतीही तशाच कामाचे तीन लहान स्नायू आहेत, पण ते निवृत्तीला लागले आहेत. काही थोड्या लोकांना त्यांच्या साहाय्याने कान हलवता येतात आणि मुलांना हसवता येते. याहून अधिक काही ते करीत नाहीत. अशा पूर्वजन्मीच्या खुणा कानावर आणखीही आहेत. कित्येकांच्या कानाच्या वरच्या कडेवर, आतल्या बाजूस एक बारीक उंचवटा बोटाला लागतो. थॉमस वूल्नर या इंग्रज शिल्पकाराने तो चार्ल्स डार्विनच्या नजरेस आणून दिला, आणि प्राण्यांच्या टोकदार कानाचा हा अवशेष असावा असे डार्विनने १८७१ साली 'द डिसेंट ऑफ मॅन' या ग्रंथात लिहिले. कान टवकारणे हा प्रयोग माणसाला शब्दशः लागू पडत नाही, तो यामुळेच. माणूस कान वळवत नाही, मान वळवतो.

न हलणाऱ्या कानाला मग घड्यांचा उपयोग काय? या प्रश्नाचे उत्तर बराच काळ धूसर होते. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे कळण्यासाठी दोन कान पुरेसे आहेत. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला किंचित आधी पोचतो आणि डाव्या कानाला किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त सुमारे ०.७ मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदू तो अचूक टिपतो. शिवाय डोके मध्ये आल्याने पलीकडच्या कानावर उंच पट्टीच्या आवाजाची जणू सावली पडते. लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने १९०७ साली या दोन्ही गोष्टींची सांगड घातली. परंतु समोरून, डोक्यावरून आणि पाठीमागून येणारा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी आणि सारख्याच जोराने पोचतो. तेव्हा वर-खाली आणि पुढे-मागे यांचा निवाडा कोण करतो?

तो निवाडा कानाचे पान करते. १९६७ साली ड्वाइट बॅटो या अमेरिकन संशोधकाने या घड्यांच्या कामाची फोड करून दाखवली. येणारा आवाज थोडा सरळ नळीत शिरतो आणि थोडा द्रोणाच्या भिंतींवर, वरंबीवर आपटून, अत्यल्प उशिराने शिरतो. मूळ लाट आणि परतलेली लाट एकमेकींत मिसळताना काही पट्ट्यांचे स्वर बळावतात, तर काही जवळजवळ पुसले जातात. हे पुसणे मुख्यतः दर सेकंदाला ६,००० च्या वरच्या कंपनांत घडते, आणि आवाज किती उंचावरून आला यावर कोणता स्वर पुसला जाईल हे ठरते. थोडक्यात, कानाचे पान प्रत्येक दिशेच्या आवाजावर त्या दिशेचा शिक्का मारते. मेंदू तो शिक्का वाचतो. माडाखालून जाणाऱ्या माणसाच्या माथ्यावर झावळी करकरली, तर तो विचार न करताच बाजूला उडी मारतो. ती वर मोडली, बाजूच्या कुंपणात नव्हे, हे त्याला सांगितलेले असते ते या घड्यांनी.

हा शिक्का माणसागणिक वेगळा असतो, कारण दोन माणसांचे कान सारखे नसतात. नेदरलँड्समधील हॉफमन, फान रिस्विक आणि फान ऑप्स्टल या संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या दृष्टीने फार उद्बोधक आहे. त्यांनी चार व्यक्तींच्या कानांच्या द्रोणात साचे बसवून घड्यांचा आकार बदलला. डावे-उजवे त्यांना पूर्वीसारखेच कळत राहिले. वर-खालीचे ज्ञान मात्र तत्काळ ढासळले. साचे घालून नित्याचे व्यवहार चालू ठेवल्यावर काही आठवड्यांत त्यांचा मेंदू हळूहळू नवी लिपी शिकला आणि आवाजाची उंची पुन्हा बरीचशी बरोबर ओळखू लागला. त्याहून नवल पुढे घडले. साचे काढताच त्यांना जुनी लिपीही लगेच वाचता आली. दोन भाषा शिकलेला माणूस जसा एकीमुळे दुसरी विसरत नाही, तसाच हा प्रकार झाला.

श्रवणयंत्रे कानाला जोडून संगीत ऐकणाऱ्याला गायक समोर बसला आहे असे न वाटता आवाज डोक्याच्या आतच घुमतो आहे असे का वाटते, याचाही उलगडा यातून होतो. दिशेचा शिक्का मारणारे पान तेथे वगळले जाते, हे त्याचे एक मोठे कारण आहे. वृद्धापकाळी उंच पट्टीचे स्वर ऐकू येईनासे झाले की आवाजाची उंची ओळखण्याची शक्तीही मंदावते, कारण शिक्क्याची शाई त्याच स्वरांची असते.

पानाने दिशा सांगितली. पुढचे काम नळीचे. प्रौढ माणसाच्या कानाची नळी सुमारे २५ मिलिमीटर लांब असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा आणि आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा. ती सरळ नाही. तिला नागमोडी वळण आहे. म्हणूनच कान तपासताना डॉक्टर प्रौढाचे पान वर आणि मागे ओढतात, तर तान्ह्या मुलाचे खाली आणि मागे. असे केल्याने वळण सरळ होऊन पडदा दिसतो. या वळणामुळे बाहेरची इजा सरळ पडद्यापर्यंत पोचत नाही, आणि आतल्या हवेची ऊब व ओलावा टिकून राहतो.

शिवाय ही नळी आवाज वाढवते. फाउंटन पेनच्या टोपणावर फुंकर घातली की शीळ वाजते, कारण एका टोकाला बंद असलेल्या नळीतील हवा आपल्या लांबीला साजेशा स्वराने घुमते. असा स्वर नळीच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीचा असतो. कानाच्या २५ मिलिमीटर नळीला हा हिशेब लावला तर तरंगलांबी १० सेंटिमीटर येते. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणून कंपने सेकंदाला सुमारे ३,४०० होतात. नळीचे तोंड द्रोणात उघडत असल्याने प्रत्यक्षात हा आकडा ३,००० च्या आसपास येतो. या पट्टीतील आवाजाचा दाब पडद्यापाशी पोचेपर्यंत सुमारे तीन ते पाच पट झालेला असतो. माणसाचे श्रवण सर्वांत तीक्ष्ण असते ते २,००० ते ५,००० कंपनांच्या टापूत, आणि बोलण्यातील व्यंजनांची बारीक टोके बरीचशी याच टापूत असतात. कोणी अगदी हळू आवाजात बोलले तरी शब्दाशब्दांतला भेद कळतो, त्यात या अडीच सेंटिमीटर हवेचा वाटा आहे. या गुणाला एक दुसरी बाजूही आहे. यंत्रमाग, छपाईयंत्रे, ढोलताशे, फटाके यांच्या सततच्या दणदणाटाने येणारे बहिरेपण प्रथम ४,००० कंपनांच्या आसपास दिसू लागते. नळी ज्या पट्टीला वाढवते तिच्याच शेजारी अंतर्कर्णावर सर्वाधिक आघात होतो, हे त्याचे एक कारण. एकदा आलेले हे बहिरेपण जात नाही.

नळीच्या आतील त्वचेची रचना तर त्याहून कौतुकास्पद आहे. बाहेरच्या कूर्चामय भागात केस, तैलग्रंथी आणि घर्मग्रंथींपासून रूपांतरित झालेल्या खास ग्रंथी असतात. त्यांचे स्राव आणि झडलेल्या त्वचेचे कण मिळून कानातला मळ बनतो. मळ या शब्दानेच निम्मा घात केला आहे. मळ म्हटला की तो काढलाच पाहिजे, अशी मनाची समजूत होते. वास्तविक हा चिकट, किंचित आम्ल पदार्थ धूळ आणि बारीक किडे अडवतो, पाणी आत मुरू देत नाही आणि जंतू व बुरशी यांच्या वाढीला आळा घालतो. तो काही जणांत ओलसर आणि मधाच्या रंगाचा, तर काही जणांत कोरडा, कोंड्यासारखा असतो. हा भेद एका जनुकामुळे पडतो, असे जपानी संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले. पूर्व आशियात कोरड्या मळाचे लोक बहुसंख्य आहेत, तर आफ्रिका आणि युरोप या खंडांत ओल्या मळाचे. स्वच्छतेशी या भेदाचा काहीही संबंध नाही.

मग हा मळ साचत का नाही? शरीराच्या इतर भागांवरची जुनी त्वचा जागच्या जागी झडते. कानाच्या नळीत तसे झाले असते तर ती थोड्याच काळात बुजून गेली असती. म्हणून येथील त्वचा प्रवास करते. पडद्याच्या मध्यापासून ती कडेकडे आणि तेथून नळीच्या भिंतीवरून बाहेरच्या तोंडाकडे, नख वाढावे तितक्या मंद गतीने सरकत राहते आणि आपल्याबरोबर मळही बाहेर आणते. चावताना व बोलताना जबडा हलतो, त्यानेही या कामाला हातभार लागतो. एखाद्या फिरत्या पट्ट्याप्रमाणे हे काम जन्मभर, रात्रंदिवस चाललेले असते.

या पट्ट्याच्या विरुद्ध दिशेने माणूस काडी घालतो. आगकाडी, केसांचा आकडा, कानकोरणे, किल्ली किंवा औषधाच्या दुकानातली कापूस गुंडाळलेली काडी. साधन कोणतेही असो, त्याने थोडा मळ बाहेर येतो आणि बराचसा आत ढकलला जातो. मळ निर्माण होतो तो बाहेरच्या एक तृतीयांश भागात. आतल्या हाडाच्या भागात ग्रंथीच नाहीत. तेव्हा पडद्याजवळ गच्च बसलेला गठ्ठा बहुधा काडीनेच तिथे नेऊन ठेवलेला असतो. हाडावरची त्वचा इतकी पातळ असते की थोड्याशा खरचटण्याने ती फाटते. पावसाळ्याच्या दमट दिवसांत अशा ओरखड्यात जंतू किंवा बुरशी शिरली की कान ठणकतो, खाजतो, गच्च होतो. खाजतो म्हणून पुन्हा काडी आत जाते आणि फेरा सुरू होतो. नळीतील एका मज्जातंतूचे नाते घशाकडे जाणाऱ्या मज्जातंतूशी आहे. म्हणून कान कोरताना काहींना एकाएकी खोकल्याची उबळ येते. त्या उबळीत हात हलला तर काडी पडद्यात घुसण्यास वेळ लागत नाही.

दुखत्या कानात कोमट तेल घालण्याची चाल घरोघर आहे. पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल, तर तेच तेल मध्यकर्णात उतरून अपाय करते. शिवाय दुखणारा प्रत्येक कान हा कानाचाच रोगी असतो असे नाही. किडलेली दाढ, सुजलेला घसा, एवढेच काय, पण घशातील गाठसुद्धा कानात कळ उठवू शकते, कारण त्या जागांचे मज्जातंतू कानाशी जोडलेले असतात. लहान मुलाने कानात हरभरा किंवा चिंचोका घातला, तर पाणी घालू नये. दाणा फुगून अधिकच अडकतो. जिवंत किडा शिरला, तर पडदा शाबूत असलेल्या कानात थोडे साधे तेल सोडून तो आधी मारावा आणि मग डॉक्टरांकडून काढून घ्यावा. मळ खरोखरच घट्ट बसून ऐकू येईनासे झाले, तर तो मऊ करून, पाहून काढण्याची साधने डॉक्टरांपाशी असतात. कान वाहू लागला किंवा एकाएकी ऐकू येणे कमी झाले, तर मात्र एक दिवसही दवडू नये.

कानाखाली आवाज काढण्याची भाषा जिथे सहज बोलली जाते, तिथे आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. उघड्या पंजाने कानावर मारलेली चपराक नळीच्या तोंडावर बसते तेव्हा आतली हवा एकाएकी दाबली जाते. तिला दुसरी वाट नसल्यामुळे तिचा सारा जोर पडद्यावर पडतो आणि ०.१ मिलिमीटर जाडीचा तो पडदा फाटतो. शिस्तीच्या नावाखाली शाळेत वा घरात मारलेल्या एका चपराकीने मुलाचे ऐकणे कायमचे अधू होऊ शकते. ऐकत नाही म्हणून मारले आणि मारल्यामुळे ऐकू येईनासे झाले, याहून करुण उफराटेपणा कोणता?

सर्वांत मोठा अन्याय मात्र न झालेल्या कानाच्या बाबतीत घडतो. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास, मानेच्या बाजूला सहा इवलेसे उंचवटे उगवतात. ते एकमेकांत मिसळत, वर सरकत जातात आणि विसाव्या आठवड्यापर्यंत कानाचे पान तयार होते. या जुळणीत कुठे खंड पडला तर मूल अर्धवट कानाने किंवा कानाच्या जागी केवळ एक गाठ घेऊन जन्मते. पुष्कळदा नळीही बंद असते. दर दहा हजार जन्मांमागे एक ते तीन मुलांच्या वाट्याला हे येते. अशा वेळी आईने ग्रहण पाळले नाही, गरोदरपणी विळी-सुरी हाती धरली, असा दोष तिच्या माथी मारला जातो. ग्रहणाच्या सावलीचा गर्भाच्या कानाशी काडीमात्र संबंध नाही. बाळंतिणीला दोष देण्यात जे दिवस जातात, ते त्या मुलाच्या श्रवणाची तपासणी करण्यात जावयास हवेत. अंतर्कर्णाची घडण स्वतंत्रपणे होत असल्याने तो अशा मुलांत बहुधा शाबूत असतो, आणि कवटीच्या हाडातून आवाज पोचवणारे यंत्र वेळीच मिळाले तर मूल ऐकायला आणि बोलायला शिकू शकते. कानाच्या पानाची उणीवही भरून काढता येते. रॅडफर्ड टँझर या अमेरिकन शल्यविशारदाने १९५९ साली बरगडीची कूर्चा कोरून तिचा कान घडवण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे अनेकांनी ती सुधारली आणि आज भारतातील शल्यविशारदही असे कान घडवतात. सुश्रुताने गालाच्या त्वचेची पाळी केली होती. तीच परंपरा बरगडीपर्यंत येऊन पोचली आहे.

कानाचे पान म्हातारपणीही थांबत नाही. इंग्लंडमध्ये जेम्स हीथकोट या डॉक्टरांनी २०६ प्रौढांचे कान मोजून १९९५ साली असे अनुमान काढले की, कानाची लांबी वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटरने वाढत जाते. पन्नास वर्षांत एक सेंटिमीटरहून थोडी अधिक. आजोबांचे कान मोठे दिसतात, ते उगाच नव्हे.

असा हा बाहेरचा कान. तो दिशा सांगतो, आवाज वाढवतो, पडद्याचे रक्षण करतो आणि स्वतःला स्वतः झाडून ठेवतो. सकाळी तोंड धुताना त्याचे पान ओल्या बोटाने पुसावे आणि नंतर कोरडे करावे. एवढी सेवा त्याला पुरते. कानाला खडा लावण्याची रीत मराठी माणसाला ठाऊक आहेच. कानात काडी घालणार नाही आणि कोणाच्या कानावर हात उगारणार नाही, या दोन निश्चयांचा खडा घरोघरी लागला, तर कितीतरी कानांचे ऐकणे वाचेल.